लोळण्याची सोय नाही

टीचरच्या फाटकावर एक पाटी होती. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरांत लिहिलेलं: ‘येथे राहण्याची सोय आहे. लोळण्याची सोय नाही.’ मुंबई-पुण्याकडचे लोक त्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे, मालवणी माणूस किती मिश्कील असतो वगैरे एकमेकांना सांगायचे आणि आत जाऊन खोली घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दाराशी शाळेची शिट्टी वाजली की त्यांच्या लक्षात यायचं, पाटीत विनोद नव्हता, सूचना होती.

टीचर म्हणजे कुडाळकडच्या एका शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. ख्रिस्ती घरातल्या, विधवा, एकुलती एक मुलगी गोव्यात दिलेली. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. मासेवाल्यांपासून चर्चच्या पाद्रींपर्यंत सगळ्यांच्या त्या टीचरच. अंगात फुलाफुलांचा सुती फ्रॉक, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि हातात छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती. आयुष्यभर काठीने नकाशावर नद्या दाखवायची सवय, ती निवृत्तीनंतर छत्रीवर आली होती. समोरचा डोंगर, पलीकडची खाडी, जाळ्यातला मासा आणि चुकलेला माणूस, सगळं त्या छत्रीच्या टोकाने दाखवत.

मी त्यांचा भाडेकरू होतो. मूळचा कऱ्हाडचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, आणि टीचरच्या कुंपणाला लागून, सुरूच्या झाडांपलीकडे नव्यानेच उभ्या राहिलेल्या रिसॉर्टमध्ये ‘गेस्ट रिलेशन एक्झिक्युटिव्ह’. या पदाचा अर्थ मला नोकरी सुटेपर्यंत कुणी सांगितला नाही. पाहुणा काही करायला निघाला की त्याला गोड बोलून परत खुर्चीत नेऊन बसवायचं, असा मी माझ्यापुरता काढला होता.

आमचं रिसॉर्ट काहीही न करण्यासाठी प्रसिद्ध होतं. तसं पॅकेजच होतं: तीन रात्री, चार दिवस आणि काहीही नाही. समुद्रापासून चाळीस पावलांवर आम्ही निळ्या फरशीचा एक तलाव बांधला होता. लोक त्यात छातीभर पाण्यात उभे राहून समुद्राकडे बघत आणि किती शांत आहे म्हणत. माड इथलेच होते, पण त्यांना बांधलेले जाळीचे झोके बाहेरून मागवलेले होते, कारण इथल्या माणसाला माडाला स्वतःला टांगून घ्यायची कल्पना कधी सुचली नव्हती. माशाला वास येऊ नये म्हणून आमचा शेफ त्याची अशी काही शुद्धी करी की आपण मासा खाल्ला हे पाहुण्यांना मेनूकार्ड वाचून कळायचं.

जीएम साहेब रोज सकाळच्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट सांगत. "गेस्ट बाहेर गेला की बाहेर जेवतो. आणि बाहेर जेवला की त्याला कळतं." काय कळतं, ते साहेब बोलत नसत. म्हणून आम्हाला नियम घालून दिलेला: कुणी एखादं ठिकाण किती लांब आहे असं विचारलं तर किलोमीटर सांगायचे नाहीत. ‘सर, बाहेर ऊन फार आहे,’ एवढंच म्हणायचं. डिसेंबरात थंडीने लोक शाल पांघरून नाश्त्याला येत, त्यांनासुद्धा मी हेच सांगितलेलं आहे.

टीचरचं सगळं याच्या बरोबर उलट. संध्याकाळी मी घरी आलो की स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न यायचा, "आज नवीन काय बघलंस?"

पहिल्या आठवड्यात मी खरं तेच सांगितलं. काही नाही. दिवसभर काउंटरमागे उभा होतो, नवीन काय बघणार?

"नवीन काय नाय? मगे जेवण पण कालचाच," टीचर म्हणाल्या, आणि खरोखरच मला काल उरलेली बांगड्याची आमटी वाढली. आता मालवणात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की माशाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. मी दोन दिवस मुद्दाम काही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी टीचरच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी शिक्षा बदलून कालची डाळ केली. त्यानंतर मात्र मी बघायला लागलो. ओहोटीला वाळूत खेकडे बारीक गोळ्या कशा मांडतात ते बघितलं. आमचा माळी डाव्या हाताने कोयता चालवतो हे सहा महिन्यांनी बघितलं. जीएम साहेबांना पोहता येत नाही हेही त्याच काळात दिसलं. त्या दिवशी मला तळलेली सुरमई मिळाली.

कुंपणापलीकडे आमच्या पाहुण्यांच्या रांगा दिसायच्या. पांढऱ्या खुर्च्यांवर पाठ टेकून, डोळ्यांवर काळे चष्मे लावून, तेल चोपडून पडलेले. टीचर फुलझाडांना पाणी घालताना थांबून बघत. "बांगडे सुकत घातलेत," म्हणत. मग मला उद्देशून, शाळेतल्या शुद्ध भाषेत, "समुद्र बघायला डोळे लागतात. पाठ लागत नाही."

पण याचा अर्थ फिरणारे पाहुणे त्यांना आवडत असतील असं कुणी समजू नये. एकदा त्यांच्याकडे पुण्याचं एक जोडपं उतरलं. नवरा संगणकातला. त्याच्याकडे दोन दिवसांत बघायच्या अकरा ठिकाणांची यादी होती, तीही प्लॅस्टिकमध्ये मढवलेली, म्हणजे समुद्रात भिजली तरी कार्यक्रम चुकायला नको. किल्ला एक तास दहा मिनिटं. डॉल्फिन चाळीस मिनिटं, दिसले तर. वालावलचं देऊळ आणि तळं मिळून पंचवीस मिनिटं. टीचरनी ती यादी लाल पेनाने तपासली. प्लॅस्टिकवर पेन उठेना, तेव्हा त्यांनी यादीच स्वतःच्या पिशवीत टाकली आणि दोघांना एसटीने वालावलला नेलं.

तिथे देवळाशेजारच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसवून त्यांनी दोघांचे फोन काढून घेतले. तासाभराने परीक्षा. तळ्याच्या त्या काठाला कुठली झाडं आहेत? मघाशी पाण्यावरून उडाला त्या पक्ष्याचं पोट कुठल्या रंगाचं? देवळाच्या लाकडी खांबावर काय कोरलंय?

"मॅडम, सगळ्याचे फोटो आहेत माझ्याकडे," नवरा म्हणाला.

"फोनान बघल्यान ता माका म्हायत आसा. तू काय बघलंस?"

बायकोला दहापैकी सात मिळाले, नवऱ्याला दोन. त्याच संध्याकाळी तो बॅग घेऊन कुंपण ओलांडून आमच्याकडे आला आणि काहीही न करण्याचं पॅकेज घेतलं. बायको टीचरकडेच राहिली. दोन दिवस दोघांनी वेगवेगळी सुट्टी काढली आणि जाताना एकाच गाडीने गेले. त्यांचं पुढे कसं चाललं मला माहीत नाही. आमच्याकडे तो माणूस मात्र फार गाढ झोपला.

अशी देवाणघेवाण नेहमीचीच. टीचरच्या शिट्टीला कंटाळलेले आमच्याकडे यायचे, आमच्या खुर्च्यांना कंटाळलेले सुरूच्या झाडांतल्या फटीतून तिकडे जायचे. जीएम साहेब त्या फटीला ‘सिक्युरिटी इश्यू’ म्हणत. ती बुजवायला त्यांनी दोनदा कुंड्या ठेवल्या. दोन्ही वेळा कुंड्या टीचरच्या अंगणात सापडल्या, व्यवस्थित पाणी घातलेल्या.

मग ड्रॉइंगचे सर आले.

सर सांगलीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सत्तरीचे. काही महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत. त्यांनी सरांना पाच दिवस विश्रांतीसाठी आणलं होतं आणि स्वतः दोघंही तलावाकाठी लॅपटॉप उघडून कामाला बसले होते. सरांच्या मनगटावर मुलाने एक घड्याळ बांधलं होतं. पावलं, झोप, सगळं ते मुलाच्या फोनवर कळवायचं.

"पप्पांना काही करू देऊ नका," मुलाने पहिल्याच दिवशी मला काउंटरवर सांगितलं. "त्यांना फक्त रिलॅक्स करायचंय."

पप्पा मागेच उभे होते. हे त्यांना विचारून ठरलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाळं घेऊन सरांच्या खुर्चीपाशी गेलो. ते म्हणाले, "पिंगुळी इथून किती लांब आहे हो?"

मी विचारलं, पिंगुळीला काय काम? तर म्हणाले, काम नाही, चित्रकथी बघायचीत. तिथल्या लोकांकडे जुनी रंगवलेली चित्रं असतात, एकेक पान पुढे धरून रामायणातली गोष्ट सांगतात, बाहुल्याही नाचवतात, हे ते वर्गात दर वर्षी शिकवत आले होते. पुस्तकात एकच चित्र, तेही काळंपांढरं. खाली छापलेलं की यात लाल रंगाचा वापर विशेष आहे.

"तीस वर्षं मी पोरांना त्या लाल रंगाबद्दल सांगितलं," सर म्हणाले. "स्वतः बघितला नाही. ऑपरेशनला आत नेत होते ना, तेव्हा लोकांना देव आठवतो म्हणतात. मला हे आठवलं. माझं मलाच हसू आलं."

मी त्यांना म्हणालो, "सर, बाहेर ऊन फार आहे."

सरांनी वर बघितलं. आभाळ भरून आलेलं होतं. मग शहाळं घेतलं.

त्या संध्याकाळी टीचरचा रोजचा प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, आज एक माणूस बघितला ज्याला मरताना लाल रंग आठवला. आणि सगळं सांगितलं. टीचर हातातला डाव तसाच धरून ऐकत होत्या.

"आणि तू काय सांगलंस तेंका?"

"ऊन आहे म्हणून."

नवीन बघून आलो असतानाही त्या दिवशी मला डाळच मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा सरांची खुर्ची नेहमीच्या जागी होती. त्यावर लांबलचक टॉवेल पसरलेला, वर टोपी, बाजूला अर्धं प्यालेलं शहाळं. मी लांबूनच बघितलं आणि झोपलेत असं समजून गेलो. मुलगाही समाधानात होता. साडेदहाला त्याने मला फोन दाखवला. "बघा, तीन तासांत एकसुद्धा पाऊल नाही. पप्पा इतके कधी रिलॅक्स झाले नव्हते." मी त्याचं अभिनंदन केलं.

साडेबाराला सून त्यांना जेवायला उठवायला गेली. टॉवेलाखाली दोन उशा होत्या आणि उशांच्या मधोमध ते घड्याळ, पूर्ण विश्रांती घेत असलेलं.

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या रिसॉर्टच्या स्थापनेपासून झाली नव्हती एवढी हालचाल झाली. लाइफगार्ड पाण्यात उतरले. जीएम साहेबांनी समुद्राकाठी धावत जाऊन ‘सर, सर’ अशा हाका मारल्या, जणू सर लाटेमागे बसलेत आणि हाक ऐकून येतील. मुलगा वाळूत मटकन खाली बसला. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बापाला मोजत होता, ते भीतीपोटी मोजत होता.

मग माळी कोयता पुसत आला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाला, "ते म्हातारे सर? ते सकाळीच गेले. टीचरवांगडा. एसटीन."

"कपडे?" सुनेने विचारलं, कारण सरांचे कपडे तिच्याच खोलीत होते.

"धवो झगो होतो आंगात. हयचोच."

म्हणजे रिसॉर्टचा पांढरा बाथरोब, खिशावर आमचं सोनेरी बोधचिन्ह, आणि पायांत आमच्याच कापडी सपाता. अशा वेषात एक बायपास झालेले गृहस्थ महामंडळाच्या बसने पिंगुळीला गेले होते.

मुलगा माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. नेरूरच्या पुलावर तो म्हणाला, "त्यांच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. दुपारची गोळी माझ्याकडे आहे." मी गाडी जोरात काढली. हे सगळं माझ्या एका संध्याकाळच्या गप्पांमुळे झालंय, हे त्याला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि गाडी चालवताना बोलू नये असा नियमही आहे.

पिंगुळीत विचारावं लागलं नाही. "झगेवाले?" म्हणत एकाने हात करून घर दाखवलं.

पडवीत चटईवर सर मांडी घालून बसले होते, रोब नीट गुडघ्यांवर ओढून घेतलेला. समोर घरचे गृहस्थ एकेक चित्र उभं धरून गोष्ट सांगत होते. शेजारी खुर्चीत टीचर. छत्री मिटून बाजूला ठेवलेली आणि हातातल्या वर्तमानपत्राने त्या सरांना वारा घालत होत्या. मी टीचरना कुणाला वारा घालताना कधी पाहिलं नव्हतं.

"पप्पा," मुलगा दारातूनच म्हणाला, "हे काय चालवलंय तुम्ही?"

"हळू बोल," सर म्हणाले. "गोष्ट चालली आहे. बस."

आणि तो बसला. बूट न काढता, चटईच्या कडेला. गोष्ट सांगणाऱ्यांनीही थांबून वगैरे काही बघितलं नाही. रावण रथात होता आणि त्यांना त्याला मध्येच सोडायचं नव्हतं. मुलाने खिशातून गोळी काढून पुढे केली, सरांनी नजर चित्रावरून न काढता तोंडात टाकली. पाणी टीचरनी दिलं.

पान संपल्यावर सर मुलाला म्हणाले, "हा लाल बघ. मी भडक सांगत होतो रे सगळ्यांना. हा तसा नाही. मातीतला आहे. तीस वर्षं चुकीचं शिकवलं." हे सांगताना ते इतके खूश दिसत होते की चूक त्यांची नसून कुणीतरी त्यांना भेट दिली असावी.

तेवढ्यात टीचर उठून उभ्या राहिल्या. ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत त्या मुलाला म्हणाल्या, "कुडाळ स्टँडवर त्यांना घेरी आली. मी त्यांना बाकावर झोपवलं. तासभर झोपवून ठेवलं. त्यांना मोठा आजार झालाय हे मला माहीत होतं. डॉक्टरांना विचारून न्यायला हवं होतं. ती चूक माझी."

"मी बरा होतो," सर म्हणाले. "पुढे यायचं मीच म्हटलं. त्या परत फिरा म्हणत होत्या."

"पण तुम्ही कोण?" मुलाने टीचरना विचारलं. आवाज चढवला नव्हता त्याने. "त्यांना काही झालं असतं तर मला कुणी कळवलं असतं? तुमच्याकडे माझा नंबर तरी होता?"

प्रश्न विचारणं हा टीचरचा आयुष्यभराचा धंदा, आणि या प्रश्नाला त्या नापास झाल्या होत्या. त्या खाली बसल्या आणि पुन्हा वारा घालू लागल्या.

परत येताना आम्ही कुडाळहून गाडी केली. मालवणात डॉक्टरांनी सरांना तपासलं. धोका काही नाही, पोट रिकामं आणि ऊन लागलेलं, म्हणाले. म्हणजे बाहेर ऊन फार आहे हे माझं वाक्य वर्षभरात एकदा तरी खरं ठरलं.

जीएम साहेब मात्र तयारीत होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे केला. शेजारच्या महिलेने आमच्या आजारी पाहुण्यांना फूस लावून पळवून नेलं, असं मी साक्षीदार म्हणून लिहून द्यायचं होतं. ती तक्रार पंचायतीत गेली की टीचरच्या खोल्या बंद झाल्या असत्या आणि सुरूंतली फट कायमची बुजली असती. "तुझं काही जात नाही," साहेब म्हणाले. "जे झालं तेच लिहायचंय."

मी जे झालं तेच लिहिलं. ‘पाहुण्यांना पिंगुळीला जायचे आहे ही माहिती शेजारच्या बाईंना मी दिली. पिंगुळी येथून सुमारे तीस किलोमीटर आहे.’ पाहुण्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही आणि किलोमीटर सांगायचे नाहीत, असे रिसॉर्टचे दोन नियम एका कागदावर मोडले होते. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एक तारखेपासून तू पण रिलॅक्स कर."

सरांच्या मुलाने तक्रार करायला नकार दिला, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. माझी नोकरी गेली ती गेलीच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सर टीचरच्या फाटकाशी आले, पूर्ण कपड्यांत, मनगटावर घड्याळ बांधून. मुलगा सोबत होता. तो फाटकाबाहेरच थांबला.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही म्हणालात तसं मी आलो. आता माझं एक ऐका. अर्धा तास वाळूत बसू. काही दाखवायचं नाही. काही विचारायचं नाही."

टीचरनी माझ्याकडे बघितलं, जणू मी त्यांना यातून सोडवीन. मी घरातून चटई आणून अंथरली.

चौथ्या मिनिटाला छत्री आपोआप वर उठली, किल्ल्याच्या दिशेने. सरांनी ती दोन बोटांनी हळूच खाली केली. मी मागे उभा होतो. पाणी लांब गेलेलं होतं आणि एक होडी ओढून वर घ्यायचं चाललं होतं.

"माझो घोव बोटीर होतो," टीचर एकदम म्हणाल्या. समुद्राकडेच बघत. "इंजिनात. सव्वीस वर्षां."

नवऱ्याबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. तो माणूस सगळं जग फिरला, त्या म्हणाल्या. त्या वर्गात ज्या बंदरांची नावं पाठ करून घेत, ती सगळी त्याने केलेली. कायमचा घरी आला तेव्हा त्यांना वाटलं आता हा सांगेल, आता आपण दोघं फिरू. त्या स्वतः बेळगावच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. तर त्याने एक वेताची खुर्ची घेतली, अंगणात समुद्राकडे तोंड करून ठेवली आणि बसला. नऊ वर्षं. बाजारात नाही, लग्नाकार्याला नाही. रोज संध्याकाळी त्यांना म्हणे, बस गो जरा. त्या पेपर तपासायचेत म्हणून आत जात. चिडून जात. एवढं जग बघून आलेला माणूस असा ओंडक्यासारखा कसा बसतो, याचा त्यांना राग यायचा. तो गेल्यावर त्यांनी खुर्ची देऊन टाकली आणि पाटी रंगवली.

"काल त्या बाकावर तुमका निजवलंय आणि बाजूक बसलंय," त्या सरांना म्हणाल्या. "तासभर. करूक कायच नव्हता. तेव्हा डोक्यात इला. इंजिन बोटीच्या पोटात असता. पाण्याच्या खाली. सव्वीस वर्षां तो दर्यात होतो, आणि तेका दर्या दिसत नव्हतो."

सर पाण्याकडेच बघत राहिले. ठरल्याप्रमाणे.

"तो बघीत होतो," टीचर म्हणाल्या. "नऊ वर्षां. माका वाटला, बसलोहा."

अर्धा तास होऊन गेला तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी मुलाने येऊन सरांना उठवलं, हाताला धरून, आणि टीचरनाही हात दिला. त्यांनी तो घेतला.

मला वाटलं, झालं, आता टीचर बदलल्या. उद्या पाटी उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिट्टी वाजली आणि नागपूरहून आलेलं एक नवविवाहित जोडपं डोळे चोळत मासळीच्या लिलावाला नेलं गेलं. तिथे नवऱ्याला तारली आणि पेडवे यांतला फरक सांगता आला नाही म्हणून त्याला पुन्हा रांगेच्या सुरुवातीला पाठवण्यात आलं. महिनाअखेरीला मी माझी ट्रंक घेऊन निघालो. टीचर मला स्टँडवर सोडायला आल्या आणि बस सुटेपर्यंत वेळापत्रकातल्या चुका दाखवत राहिल्या.

आता मी कोल्हापुरात एका साध्या हॉटेलात काउंटरवर असतो. कुणी काही विचारलं की आधी किलोमीटर सांगतो. रिसॉर्ट अजून चालू आहे आणि अजून काही करत नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी टीचरचा फोन आला. मुलीने त्यांना वाढदिवसाला मुंबईहून कोचीला जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी बोटीचं तिकीट दिलं होतं. आमच्या रिसॉर्टसारखीच ती बोट, म्हणाल्या, फक्त पाण्यावर चालणारी. वर तलाव, तलावाभोवती खुर्च्या आणि खुर्च्यांवर बांगडे. टीचर पहिल्या दिवसापासून तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मागे लागल्या की मला इंजिनरूम बघायची आहे. एक सुटाबुटातला तरुण त्यांना दर वेळी सांगे की मॅडम, सुरक्षेच्या कारणाने परवानगी नाही, तिथे बघण्यासारखंही काही नाही, तुम्ही डेकवर रिलॅक्स करा. ‘तुझोच धाकटो भाव वाटलो माका,’ असं त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बोटीवरचे एक वयस्क इंजिनीअर, वेंगुर्ल्याकडचे, जेवणाच्या वेळी त्यांना भेटले. त्यांना टीचरनी कारण सांगितलं. ते उठले आणि टीचरना खाली घेऊन गेले. आत नाही, दारापर्यंत. पाच मिनिटं.

"काय होतं तिथे?" मी विचारलं.

"काय नाय रे. खिडकीच नाय. भिंत, पायप आणि आवाज. बोलला ता आयकाक येणा नाय. आणि गरम इतक्या की माझो चष्मो धुरावलो. तो मुलगो सांगी होतो ता खरा, बघूक कायच नाय थंय."

फोनमध्ये मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मगे?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्याही तोंडून मालवणी निघालं.

"मगे वर इलंय आणि एका खुर्चेर दर्याकडे तोंड करून बसलंय. ते लोक बोलवूक इले, खेळ सुरू झालेत, नाच आसा, चला. म्हटलंय, माका हयसून हलवू नको. जेवण पण थंयच मागवलंय." मग म्हणाल्या, "कोची कधी इली, ता माका कळूकच नाय."